जप्ती आणि बक्षीस : १८५८ च्या चांदा मोहिमेचा इतिहास कोणाच्या वहीतून आला?

बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांच्यावर मराठीत आता लेखनाची कमी नाही. पुस्तिका आहेत, स्मरणिका आहेत, नाटकं आहेत, टपाल तिकीटसुद्धा निघालं आहे. १२ मार्चची जयंती किंवा २१ ऑक्टोबरचा शहीद दिन जवळ आला की चंद्रपूर-गडचिरोलीकडून आमच्या वांकिडीपर्यंत तेच चार-सहा मजकूर मोबाइलवर फिरत येतात. शाळेच्या पुस्तकात जे नाव कधी आलं नाही ते या मंडळींनी घराघरात नेलं. हे काम मोठं आहे, आणि ते मान्य करूनच पुढचं लिहितो.

माझी तक्रार वेगळी आहे. या लेखनातल्या तारखा, नावं आणि प्रसंगांची जुळणी यांचा बराचसा सांगाडा एकाच जागेवरून आलेला आहे : मेजर ल्यूसी स्मिथ या अधिकाऱ्याने १८६९ साली लिहिलेला चांदा जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल. त्याच सुमाराला निघालेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरमध्येही चांद्याच्या बंडाची हकिकत त्याच साच्यात येते, आणि नंतरची गॅझेटिअरं त्यावरच उभी आहेत. आपण तिथून माहिती घेतली यात काही वावगं नाही. जिथे कागद आहे तिथूनच घ्यावा लागतो. पण तो कागद कशासाठी लिहिला होता, हे विसरून आपण त्याचा आकारही उचलला. आकार सरकारचा आणि त्यावर रंग आपला, असं काहीतरी होऊन बसलं आहे.

ज्यांना तपशील ठाऊक नाही त्यांच्यासाठी हकिकत थोडक्यात सांगतो. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघोजी भोसले वारले. गादीला वारस नाही म्हणून १८५४ मध्ये नागपूरचं राज्य कंपनी सरकारनं खालसा केलं आणि वर्षअखेरीस चांद्याला इंग्रज अधिकारी येऊन बसला. अहेरी जमीनदारीतल्या मोलमपल्लीचे बाबूराव तेव्हा एकवीस वर्षांचे. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. मार्च-एप्रिलात नांदगाव घोसरी, गढीसुर्ला, सगणापूर, बामनपेठ इथे इंग्रजांच्या फौजेशी चकमकी झाल्या. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. फौजेत गोंड होते आणि रोहिलेही होते. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी इथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, तिसरा पीटर निसटला आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्यापर्यंत पोचला. क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणलं. सप्टेंबरमध्ये बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात गेले. तिथल्या राजानं एप्रिल १८६० मध्ये त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केलं, त्यांना जन्मठेप झाली आणि जमीनदारी जप्त झाली.

आता हा मजकूर महसुलाच्या अहवालात का आला, ते बघा. बंदोबस्ताचा अहवाल म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे. कोणत्या गावाचा सारा किती, कोणती जमीन कोणाच्या हक्काची, मालगुजारी कोणाला द्यायची, जंगलातल्या जमीनदारांचे जुने अधिकार कुठवर मानायचे, हे ठरवण्यासाठी तो लिहिला जातो. त्यात इतिहासाचं प्रकरण असतं ते हक्काची साखळी दाखवण्यापुरतं : आधी गोंड राजे, मग भोसले, मग आम्ही. बंडाची जागाही त्याच साखळीत आहे. एका जमीनदारानं बंड केलं, म्हणून त्याची जमीनदारी गेली. दुसरीनं मदत केली, म्हणून तिला गावं मिळाली. खतावणीत बंडाला दोनच रकाने असतात : जप्ती आणि बक्षीस. माणूस यापैकी एका रकान्यात बसला की अधिकाऱ्याचं काम संपलं.

आपल्या पुस्तिकांनी काय केलं? रकाने तेच ठेवले, चिन्हं उलटी केली. सरकारी वहीत ‘बंडखोर’ होता तो आपल्याकडे ‘वीर’ झाला, आणि ‘राजनिष्ठ’ होती ती ‘फितूर’ झाली. तिसरा रकाना कोणी काढला नाही. त्यामुळे तीन ठिकाणी आपलं लेखन लंगडं पडतं, असं मला वाटतं.

पहिलं ठिकाण म्हणजे बंडाचं कारण. सरकारी हकिकत राजगड परगण्यातल्या लुटीपासून सुरू होते. त्याआधी जणू काही घडलंच नव्हतं. पुस्तिका याच्या बरोबर उलट टोकाला जातात. त्यांच्यात बाबूराव अगदी पहिल्या पानापासून ‘स्वातंत्र्यसंग्राम’ लढत असतात. या दोन शब्दांच्या मध्ये चार वर्षं आहेत, १८५४ ते १८५८, आणि ती दोन्हीकडून गायब आहेत. नागपूरकरांच्या राज्यात पूर्वेकडच्या जंगलातला जमीनदार नजराणा भरायचा, गरज पडली तर माणसं पुरवायचा, आणि बाकी आपल्या मुलखात आपला कारभार करायचा. नवं सरकार आलं ते हक्काचा कागद मागत आलं. मोलमपल्लीसारख्या अहेरीच्या पोटातल्या घराण्याला या बदलाचा धक्का अहेरीपेक्षा जास्त बसणार, हे उघड आहे. मोठ्या जमीनदाराला निदान सरकार ओळखतं, लहानाला त्याच्यामार्फतच ओळखतं. बाबूराव उठले त्यामागे हा पेच होता, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो मांडतो. पण ‘लूट’ आणि ‘संग्राम’ या दोन शब्दांत भांडत बसण्यापेक्षा त्या चार वर्षांत कोणाचं काय हिसकावलं गेलं, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे लक्ष्मीबाई. इथे आपलं लेखन सगळ्यात जास्त रंगतं आणि सगळ्यात जास्त घसरतं. तिनं बाबूरावांना जेवायला बोलावलं आणि घात केला, असा प्रसंग बहुतेक पुस्तिकांत संवादांसकट येतो. कोण काय बोललं, कोणाच्या डोळ्यांत काय होतं, सगळं. वाचणाऱ्याच्या मनात शेवटी उरतं ते हे, की बाबूरावांना फाशी एका बाईनं दिली. क्रिक्टन बाजूला उभा आहे, जवळपास साक्षीदारासारखा.

अहेरीनं बाबूरावांना पकडून दिलं, आणि पुढे अडपल्ली-घोटच्या जप्त झालेल्या जमीनदारीतली गावं अहेरीकडे आली, यात वाद नाही. लक्ष्मीबाईला निर्दोष ठरवायची मला घाई नाही. पण एक साधी तुलना करून बघा. व्यंकटरावांना इंग्रजांच्या हवाली केलं ते बस्तरच्या राजानं. काम तेच, साहेब तेच, फरक दीड वर्षाचा. मग बस्तरच्या राजाचं नाव किती पुस्तिकांत ‘फितूर’ म्हणून येतं? बहुतेक ठिकाणी ते अर्ध्या वाक्यात निघून जातं. दोघांना एकाच मापानं मोजायचं नसेल तर तसं का, हे लेखकानं सांगायला हवं. मला तरी एकच कारण दिसतं. जेवणाचं ताट आणि विश्वासघात करणारी बाई ही जोडी कथेला सोयीची आहे, दूरच्या राजाचा दरबार तसा नाही.

आणि तिचा पेच काय होता? चारच वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांसमोर नागपूरचं राज्य वारस नाही म्हणून गिळलं गेलं होतं. त्याच वर्षी झाशीही गेली. झाशीच्या लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये लढता लढता पडल्या. अहेरीच्या लक्ष्मीबाईंना सप्टेंबरमध्ये निवड करायची होती. जिच्या जमीनदारीतला माणूस बंड करतो आहे तिला स्वस्थ बसायची मुभा नव्हती. एक तर साथ द्या, नाही तर पकडून द्या. मोहिमेची खरी रीत हीच होती. नागपूरहून फौज आली, चकमकी झाल्या, पण बाबूराव कुठल्याच लढाईत हाती लागले नाहीत. ते हाती लागले जमीनदाराला जमीनदारावर घालून, एकाची जप्ती दुसऱ्याचं बक्षीस करून. खर्च सरकारचा काहीच नाही, गावं ह्याची काढून त्याला द्यायची. या जंगलात गोऱ्या पलटणीपेक्षा हे हत्यार जास्त चाललं. फितुरी-फितुरी म्हणत आपण हत्यार धरणाऱ्याचा हातच सोडून देतो, हा माझा मुख्य आक्षेप आहे. ‘घरचा भेदी’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसलेली आहे की भेद पाडणारा कोण, हे विचारायचं राहून जातं.

तिसरं ठिकाण आमच्या दारातलं आहे : नदी. चांद्याची सरकारी हकिकत वर्धा आणि प्राणहिता या नद्यांशी येऊन थांबते. ती थांबणारच, कारण अलीकडे निजामाचा मुलूख होता आणि क्रिक्टनचा हुकूम इथे चालत नव्हता. ल्यूसी स्मिथला आमच्या बाजूचा सारा ठरवायचा नव्हता, म्हणून वांकिडी, राजुरा, आसिफाबाद, माणिकगडचा डोंगर हे सगळं त्याच्या कागदाबाहेर राहिलं. तोवर ठीक. पण आपण का थांबलो? १८५८ चं नदीकाठचं चित्र आजच्या नकाशावर बसत नाही. तेव्हा प्राणहितेच्या पूर्वेला खाली सिरोंच्याचा भागही निजामाचाच होता, १८६० च्या तहात तो इंग्रजांकडे गेला. अहेरी इंग्रजांकडे, सिरोंचा निजामाकडे, पलीकडे बस्तर. चिंचगुंडी अशा या तीन राज्यांच्या सांध्याजवळ आहे. लपायला, निसटायला आणि माणसं जमवायला अशी जागा दुसरी नाही.

फौजेतले रोहिलेही याच सांध्यातून कळतात. पुस्तिकांत ते एका शब्दापुरते येतात, गोंडांसोबत ‘रोहिले’. ते कोण, कुठून आले, कशाला लढले, याची चौकशी नाही. निजामाच्या राज्यात रोहिले आणि अरब हे भाडोत्री शिपाई होते, सावकारीही करत होते, आणि सालारजंगाच्या दरबाराला व इंग्रजांच्या रेसिडेंटला त्यांची धास्ती होती. १७ जुलै १८५७ ला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेल्या जमावात रोहिले होते आणि तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन पुढे होते. हल्ला मोडला, पण माणसं संपली नाहीत. पुढे निर्मल भागात रामजी गोंड यांच्या बंडात गोंडांच्या खांद्याला खांदा लावून पुन्हा रोहिलेच दिसतात. रामजींना ९ एप्रिल १८६० रोजी निर्मलला वडाच्या झाडावर फाशी दिलं, असं मानलं जातं. म्हणजे तेलंगणात रामजींचा शेवट आणि बस्तरात व्यंकटरावांना पकडून देणं एकाच महिन्यात येतं. चांद्याची मोहीम ऑक्टोबर १८५८ मध्ये संपली असं आपण लिहितो, पण नदीच्या दोन्ही काठांनी बघितलं तर ती एप्रिल १८६० पर्यंत चालू आहे.

तरीही बाबूराव मराठी पुस्तिकेत आणि रामजी तेलुगू पुस्तिकेत, अशी वाटणी झाली आहे. मराठी लेखनात निर्मलचा उल्लेख शोधावा लागतो, आणि तेलुगू लेखनात चांद्याचा. ही वाटणी गोंडांनी केलेली नाही. ती १९५६ च्या राज्य पुनर्रचनेची आहे. त्याआधी राजुरा तालुका आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेडला गेला, आणि १९५९ मध्ये चांद्याला. वांकिडीहून लक्कडकोटला जाताना आज आपण राज्य ओलांडतो. लग्नाचं वऱ्हाड, बाजारचा बैल आणि देवाची यात्रा मात्र तशीच जात-येत राहिली आहे. जिवती आणि केरामेरीच्या मधली डझनभर गावं तर आजही दोन्ही राज्यांत धरली जातात, तिथल्या माणसाकडे दोन-दोन रेशनकार्डं आहेत. असा मुलूख ज्याच्या डोळ्यांसमोर आहे त्यानं तरी १८५८ चा इतिहास एका काठावरून सांगू नये.

इथे दुसऱ्या बाजूचाही इशारा द्यायला हवा. अलीकडे काही मजकुरात बाबूराव आणि रामजी एकाच कटातले, एकमेकांचे सोबती म्हणून रंगवलेले दिसतात. जोडण्याच्या भरात ही उडी मारू नये. दोघांच्या फौजेत रोहिले असणं, दोघांचा मुलूख जवळ असणं आणि दोघांवरची कारवाई दोन वर्षांच्या आत होणं हा एका परिस्थितीचा पुरावा आहे, एका कटाचा नव्हे. परिस्थिती एक होती एवढंसुद्धा पुष्कळ मोठं विधान आहे. ते नीट सिद्ध करावं, त्यावर कथेचं कलम करू नये.

दंतकथांबद्दलही दोन शब्द. बाबूरावांना फाशी देताना दोर तुटला, पुन्हा बांधला, पुन्हा तुटला, शेवटी त्यांना चुन्याच्या भट्टीत टाकलं, असं लोक सांगतात. निर्मलच्या झाडाला तेलुगूत ‘वेय्यी उरुला मर्री’ म्हणतात, म्हणजे हजार फासांचा वड. ते झाड आता नाही, नाव आहे. पुस्तिका या गोष्टी तारखांच्या रांगेत बसवतात : अमुक दिवशी हल्ला, अमुक दिवशी दोर तुटला, अमुक दिवशी हजार जणांना फाशी. यानं दोन्हीचं नुकसान होतं. तारखेवरचा विश्वास उडतो आणि दंतकथेतला अर्थ मरतो. दोर तुटण्याची गोष्ट सांगणारा माणूस तुरुंगाचं दप्तर वाचून दाखवत नसतो. आमचा माणूस तुमच्या दोराला आवरला नाही, एवढंच तो सांगत असतो. ‘हजार’ हा शब्द झाडाच्या नावात शोभतो, कारण तो भीतीचं माप आहे. तोच मृतांची मोजणी म्हणून लिहिला की पहिला शंकेखोर वाचक सगळं पुस्तकच बाजूला ठेवतो.

मग लिहायचं कसं? नुसती टीका करून सुटता येणार नाही, म्हणून जे हाताशी आहे ते सांगतो. आमच्या जिल्ह्यावर दोन वेगळ्या वळणाची पुस्तकं झालेली आहेत. एक क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं, आणि दुसरं आपले सेतुमाधवराव पगडी यांचं, तेही इथल्या गोंडांवरच. १९४० साली जोडेघाटला कुमुरम भीम मारले गेले, आणि त्यानंतरच्या दशकातली ही पुस्तकं. त्यांचा विषय १८५८ नाही, पण त्यांचा प्रश्न बरोबर आहे. बंड कोणी केलं, एवढ्यावर ती थांबत नाहीत. जमीन कोणाची होती, कागद कोणाच्या नावावर झाला, जंगलाचा हक्क कसा गेला, हे ती गावागावांतून विचारतात. निजामाचे अधिकारी आणि क्रिक्टनचे अधिकारी वेगळे, काळही वेगळा. पण हा प्रश्न उलटा नेऊन १८५४-५८ ला लावला, तर वर म्हटलेली हरवलेली चार वर्षं भरायला सुरुवात होईल.

दुसरी गोष्ट, आमच्याकडचे परधान. गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे हे लोक गातात गोंडीत, पण आदिलाबादच्या परधानांच्या घरातली बोली मराठी आहे. म्हणजे या भागाच्या स्मृतीचे राखणदार आणि आपण एकाच भाषेत बोलतो, मध्ये दुभाषी लागत नाही. एवढी सोय असून आपण बाबूरावांसाठी साहेबाच्या अहवालाकडे धावतो आणि परधानाला जयंतीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं गायला बसवतो. अहवाल वाचावाच, पण अहवालानं ज्यांना रकाना दिला नाही त्यांची विचारपूस इथे, दारात करता येते.

तिसरी गोष्ट अगदी हिशेबाची आहे. पुढची पुस्तिका लिहिणाऱ्यानं प्रत्येक प्रसंगापुढे खूण करावी : हे सरकारी कागदात आहे, हे लोक सांगतात, हा माझा तर्क. तीन खुणा, बस. वाचकाला ते जड जात नाही, उलट त्याचा विश्वास वाढतो. आणि नकाशा छापावा तो १८५८ चा, नद्यांचा, घाटांचा, तिन्ही राज्यांच्या हद्दींचा. आजच्या जिल्ह्यांचा नकाशा छापला की अर्धी फौज कागदाबाहेर जाते.

यात खरं पणाला काय लागलं आहे, ते शेवटी स्पष्टच लिहितो. वीराचा मान कमी होईल की काय, अशी भीती अशा टीकेत काहींना वाटते. मला उलट वाटतं. पंचवीस वर्षांच्या माणसाला फौज आणूनही मैदानात धरता आलं नाही, त्यासाठी त्याच्याच मुलखाची घरं एकमेकांवर घालावी लागली, हे नीट सांगितलं तर त्याचा मान वाढतोच. कमी होतो तो क्रिक्टनचा. पण आजही अहेरीकडच्या कोणाला पाहून ‘तुमच्याच लोकांनी पकडून दिलं’ असं सहज म्हटलं जात असेल, तर दीडशे वर्षांपूर्वीची ती खतावणी अजून चालूच आहे, आणि जप्ती-बक्षिसाच्या नोंदी आता आपणच आपल्या हातानं करतो आहोत.